खाण, माती आणि वाटाणे

दिवाळीत घर भरले, की घरात नव्याने आलेल्या तान्ह्या जिवाची वाटणी सुरू होते. नाक आत्याचे, हनुवटी मामाची, कपाळ थेट पणजोबांचे. हट्टीपणा तेवढा ज्याच्या त्याच्या मते पलीकडच्या घराण्यातला! या वाटणीत कोणाला काही गमवावे लागत नाही, म्हणून ती गोडीगुलाबीने पार पडते. आनुवंशिकतेला शास्त्राचे रूप आले त्याच्या कितीतरी आधीपासून ती आपल्या माजघरात अशी नांदत आली आहे. आपल्या भाषेने तर तिचे दोन्ही सिद्धान्त म्हणींत बांधून ठेवले आहेत. ‘खाण तशी माती’ हा एक. आणि तो खोटा पडला तर हाताशी असावा म्हणून ‘सूर्यापोटी शनैश्वर’ हा दुसरा. पहिली म्हण साम्याची, दुसरी भेदाची. दोन्ही खऱ्या; पण कोणती केव्हा खरी आणि का, हे म्हणीला सांगता येत नाही. ते सांगावे म्हणून शाळेत विज्ञानाचा धडा असतो.

तो धडा ते सांगतो काय, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

मी विज्ञानाची पंडित नव्हे. शाळेत मराठी शिकवते, सुटीत कादंबऱ्या लिहिते, आणि माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले. पण या प्रश्नापुरता हाच माझा अधिकार आहे, असे मी मानते. आनुवंशिकतेचा धडा नववी-दहावीत येतो. पुढे जे विज्ञानशाखेकडे जातात ते तो पुन्हा नीट शिकतात. बाकीच्यांना, म्हणजे तुम्हां-आम्हां बहुतेकांना, या विषयावर आयुष्यात ऐकावयास मिळणारे ते शेवटचे शब्द. त्यानंतर आपण लग्ने जमवतो, मुलेबाळे होतात, दवाखान्याच्या कागदावर न कळणारे शब्द वाचतो, आणि त्या वेळी हाताशी असते ती दहावीची वही. त्या वहीत काय चुकीचे उरले आहे हे पाहणे, विज्ञानाइतकेच भाषेच्या शिक्षकाचेही काम आहे. कारण यातल्या निम्म्या चुका शब्दांच्या आहेत.

आधी मूळ कथा. ग्रेगोर मेंडेल हा आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या एका शेतकऱ्याचा मुलगा, जन्म १८२२चा. ब्रनो शहरातल्या मठात तो साधू झाला आणि शाळेत बदली शिक्षक म्हणून शिकवू लागला. कायम शिक्षकाची परीक्षा तो १८५० साली नापास झाला, १८५६ साली पुन्हा बसला आणि पुन्हा अपयशी ठरला. त्याच १८५६ सालापासून पुढची सात-आठ वर्षे त्याने मठाच्या बागेत वाटाणे लावले. जवळजवळ २८,००० झाडे त्याने पाहिली. १८६५च्या फेब्रुवारीत आणि मार्चमध्ये गावच्या विज्ञानमंडळापुढे त्याने निबंध वाचला, १८६६ साली तो छापला गेला, आणि १९०० सालापर्यंत त्याचे खरे मोल कोणी ओळखले नाही. तोवर १८८४ मध्ये मेंडेल वारलाही होता.

ही गोष्ट धड्यात साधारण असतेच. जे नसते ते असे, की वाटाणे पेरण्यापूर्वी मेंडेलने दोन वर्षे ३४ वाणांची पारख केली आणि त्यांतले २२ ठेवले. त्याने सात लक्षणे निवडली, आणि ती मुद्दाम अशी निवडली की ज्यांत मधले काही नाही. बी एक गोल तरी, नाही तर सुरकुतलेले. आतून पिवळे तरी, नाही तर हिरवे. जी लक्षणे एकमेकांत मिसळतात, ज्यांच्या कडा धूसर असतात, ती त्याने जाणूनबुजून बाजूस ठेवली. निसर्गाच्या गोंगाटातून त्याने एक स्वच्छ स्वर वेगळा काढला. त्याची प्रतिभा तिथे आहे. आपण मात्र तो एक स्वर मुलांना ऐकवतो आणि सांगतो, सगळे गाणे असेच आहे. ज्याने निवड केली त्याची निवड आपण गाळली, ही या अध्यापनातली पहिली उणीव. बाकीच्या बहुतेक तिच्याच लेकी आहेत.

आता फळ्यावरच्या त्या चौकटीकडे वळू. चार घरांचा चौकोन. वर एका पालकाची अक्षरे, बाजूला दुसऱ्याची. आत चार अपत्ये. तीन एका प्रकारची, एक दुसऱ्या. ‘प्रमाण ३ : १’ असे लिहून खाली दोन रेघा ओढल्या, की तास संपतो. मुलाच्या मनात जे उमटते ते असे: चार मुलांपैकी तीन असे होतात आणि एक तसे. चौकटीत चार घरे आहेत, घरात चार मुले आहेत. यापेक्षा सरळ अर्थ तो कोणता काढील?

पण हा अर्थ साफ चूक आहे. ती चार घरे म्हणजे चार मुले नव्हेत. एकाच मुलाच्या वाट्यास येऊ शकणाऱ्या चार शक्यता आहेत, आणि दर वेळी सगळी चिठ्ठ्यापाकिटे नव्याने उचलावयाची आहेत. आधीच्या वेळी काय निघाले याची पुढच्या चिठ्ठीला वार्ताही नसते. हे खुद्द मेंडेलला पक्के ठाऊक होते. त्याच्या निबंधात २५३ झाडांच्या ७,३२४ बिया मोजलेल्या आहेत. त्यांत ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेल्या. भागाकार केला तर २.९६ येतो, म्हणजे तीनाच्या अगदी जवळ. हे आकडे पुष्कळ पुस्तकांत असतात. पण त्याच निबंधात मेंडेलने एकेका झाडाचेही हिशेब दिले आहेत. एका झाडावर ४३ बिया गोल आणि सुरकुतलेल्या फक्त २. दुसऱ्यावर १४ गोल आणि १५ सुरकुतलेल्या. रंगाच्या बाबतीत एका झाडावर ३२ पिवळ्या आणि हिरवी अवघी १. तर दुसऱ्यावर २० पिवळ्या आणि १९ हिरव्या. हजारांच्या राशीत जे प्रमाण रेखीव दिसते ते एका झाडावर असे सैरावैरा धावते, हे त्या प्रामाणिक माणसाने लपवले नाही. आपण लपवतो, जागा वाचावी म्हणून.

मनुष्याचे कुटुंब हे त्या एका झाडाहूनही लहान. हिशेबच करून पाहू. आई आणि वडील दोघांकडेही एकच झाकलेला दोष आहे, म्हणजे प्रत्येक मुलास तो आजार होण्याचा संभव चारात एक. अशी चार-चार मुलांची २५६ घरे धरली, तर गणिताने त्यांपैकी ८१ घरांत एकही मूल आजारी नसेल. १०८ घरांत नेमके एक असेल. आणि ६७ घरांत दोन किंवा अधिक असतील. म्हणजे फळ्यावरची चौकट जशीच्या तशी उतरते ती निम्म्याहून कमी घरांत!

हा केवळ गणिताचा काथ्याकूट आहे असे ज्यांना वाटेल त्यांच्यासाठी एक प्रसंग सांगते. पूर्व विदर्भातल्या ज्या भागात मी शिकवते तिथे सिकलसेल हा आजार घरोघरच्या बोलण्यात आहे. यात रक्तातल्या तांबड्या पेशी गोल न राहता विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि माणूस वेदनेने तळमळतो. एकदा दहावीची एक मुलगी आपल्या वहिनीला घेऊन शाळेत आली. वहिनीचे तीन वर्षांचे पहिले मूल या आजाराने त्रस्त; आणि आता तिला पुन्हा दिवस गेलेले. आरोग्य केंद्राच्या ताईंनी तपासणीला बोलावले होते. नणंदेच्या वहीतली चौकट तिने पाहिली होती, त्या आधाराने ती मला म्हणाली, “बाई, चौघांत एकाचाच नंबर असते ना? आमच्या पहिल्याचाच लागला. मंग आता तपासाचं काय काम?”

त्या वहीत एकही ओळ चुकलेली नव्हती. त्या चौकटीला परीक्षेत पूर्ण गुण मिळाले असते. आणि तरीही त्या चौकटीने एका गरोदर बाईला खोटा दिलासा दिला होता. आजार असलेले मूल जन्मल्याबरोबर ओळखले गेले, तर जंतुसंसर्गापासून त्याला जपता येते, लशी आणि औषधे वेळेवर देता येतात. म्हणून ती तपासणी महत्त्वाची. मी टेबलावर दोन नाणी ठेवली आणि तिलाच ती पुन्हा पुन्हा उडवावयास सांगितले. दोन्ही काटे पडले की आजार, असे ठरवले. तिसऱ्या आणि चौथ्या खेपेस लागोपाठ दोन्ही काटे पडले, तेव्हा ती एकदम गप्प झाली. मग नणंदेला म्हणाली, “चाल, आजच जाऊ.” जे पाऊण तासाच्या व्याख्यानाने होत नाही ते दोन नाण्यांनी झाले.

याच आजाराच्या संदर्भात ‘वाहक’ या शब्दाचेही बघा. ज्याच्याकडे दोष एकेरी आहे, पण जो स्वतः सहसा धडधाकट असतो, त्याला आपण वाहक म्हणतो. महाराष्ट्रात वाहक म्हटला की आधी आठवतो तो एस.टी.तला तिकिटे फाडणारा. आणि त्याच्या पाठोपाठ, रोग वाहून नेणारा डास. मग ‘वाहक’ लिहिलेला कागद पाहून माणसे त्या मुलीपासून चार हात दूर राहू लागली, आलेले स्थळ परत जाऊ लागले, तर नवल कसले? वस्तुतः एक वाहक आणि एक वाहक नसलेला यांच्या संसारात हा आजार असलेले मूल जन्मत नाही. विचार करावयाचा तो दोघेही वाहक असतील तर. १ जुलै २०२३ रोजी देशात सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, आणि तपासणी झालेल्यांना कार्डे दिली जाऊ लागली. कार्ड सरकार देईल. ते वाचावयाचे कसे हे शाळेने द्यावयाचे आहे.

शब्दांवर आलोच आहोत, तर ‘प्रभावी’ आणि ‘अप्रभावी’ या जोडीला वगळून कसे चालेल? व्याकरणाच्या तासाला आम्ही विरुद्धार्थी शब्द शिकवतो: प्रभावी औषध म्हणजे गुण येणारे, अप्रभावी म्हणजे निरुपयोगी. तोच मुलगा पुढच्या तासाला विज्ञानात बसतो आणि समजतो, की प्रभावी जनुक म्हणजे बलवान, चांगले, संख्येने अधिक. अप्रभावी म्हणजे दुबळे, हळूहळू नाहीसे होणारे. यांतला एकही अर्थ शास्त्राला अभिप्रेत नाही. हाताला सहा बोटे असणे हे लक्षण पुष्कळदा प्रभावी रीतीने पुढे जाते. म्हणून काय जगभर सहा बोटांची माणसे झाली? उलट ‘ओ’ रक्तगट हा अप्रभावी; आणि जगात सर्वांत अधिक आढळणाऱ्या गटांत तोच पुढे.

बलवान-दुबळ्याची ही कल्पना वाटाण्यानेच खोडून काढली आहे. सुरकुतलेल्या वाटाण्यात नेमके काय बिघडते ते १९९० साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी उकलले. साखरेपासून फांद्याफांद्यांचे पिष्ट बनवणारे एक विकर असते. त्या विकराच्या जनुकात एक परका तुकडा घुसलेला होता, म्हणून ते विकर नीट तयार होत नव्हते. पिष्ट कमी, साखर जास्त. साखरेमुळे पाणी जास्त. आणि बी वाळले की साल सैल पडून सुरकुत्या. इथे कोणी कोणावर मात केलेली नाही. एका जनुकाकडून काम होते, दुसऱ्याकडून होत नाही, आणि बी गोल राहण्यास एकाचे काम पुरते, इतकेच. घरात दोन भाऊ असावेत, एक कमावता आणि एक बसून असावा, आणि एकाच्या कमाईत चूल पेटत राहावी, तसे. चूल पेटली म्हणून बसलेला भाऊ घरात नाही असे नव्हे. आणि कमावत्याने त्याला दाबून ठेवले आहे असेही नव्हे. याहून मौज अशी, की मिश्र बीमधले पिष्टाचे कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर ते दोहोंच्या मधले दिसतात! म्हणजे डोळ्यांना जो प्रभावी, तो भिंगाला तितकासा प्रभावी नाही. प्रभाव हा जनुकाचा स्वभाव नसून आपण कुठून पाहतो त्याचा भाग आहे. पारिभाषिक शब्द बदलणे माझ्या हाती नाही. पण मुलांना मी ‘उघड’ आणि ‘झाकलेला’ असे सांगते. झाकलेली वस्तू दुबळी नसते आणि संपलेलीही नसते, हे माजघरात वाढलेल्या कोणत्याही मुलाला समजते.

आता उदाहरणांकडे. शाळाशाळांतून एक हमखास खेळ होतो. “जीभ नळीसारखी कोणाकोणाला वळवता येते? कानाची पाळी कोणाची चिकटलेली आहे? घरी जाऊन आईबाबांची पाहून या.” वर्गात हशा पिकतो, तक्ता भरतो, शिक्षकांना वाटते विषय जिवंत झाला. पण जिभेचे हे उदाहरण मुळातच पोकळ आहे. आल्फ्रेड स्टर्टेव्हंट या अमेरिकन शास्त्रज्ञाने, ज्याने १९१३ साली गुणसूत्रावरच्या जनुकांचा पहिला नकाशा काढला त्याच थोर माणसाने, १९४० साली जीभ वळणे हे साधे मेंडेली लक्षण आहे असे मांडले. १९५२ साली एकसारख्या जुळ्यांची तपासणी झाली. काही जोड्यांत एकाची जीभ वळे आणि दुसऱ्याची वळत नसे. दोघांची जनुके तर एकच! १९६५ साली स्टर्टेव्हंटने स्वतःच लिहून टाकले, की हे उदाहरण अजूनही सिद्ध म्हणून छापले जाताना पाहून आपल्याला संकोच वाटतो. सोनाराने कान टोचले ते असे. तरी साठ वर्षे उलटून गेली, जिभा वळतच आहेत. कानाच्या पाळीचेही तेच. तिथे ‘चिकटलेली’ आणि ‘सुटी’ यांच्या मध्ये अनेक पायऱ्या आहेत आणि अनेक जनुके गुंतलेली आहेत. उंचीचे म्हणाल तर २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रचंड अभ्यासात उंचीशी निगडित अशा सुमारे १२,००० जागा मोजल्या गेल्या. कातडीचा रंगही असाच अनेकांच्या हातचा. तो चौकटीच्या चार घरांत बसत नाही, आणि गरोदर सुनेला केशराचे दूध पाजूनही बदलत नाही.

कोणी म्हणेल, एवढ्याशा खेळाने काय बिघडते? बिघडते ते असे. एखादे पोर घरी जाऊन पाहते, आई-वडिलांच्या जिभा वळत नाहीत आणि आपली वळते. पुस्तकाच्या नियमाने हे अशक्य. ते काही बोलत नाही. पण रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या एक किडा त्याचे मन पोखरू लागतो. रक्तगटांच्या तक्त्याने तर थोरांचीही मने पोखरली जातात. ‘आई ओ, वडील ओ, तर मूल फक्त ओ’ अशी ओळ आपण ठाशीव लिहून देतो. बहुतेक ठिकाणी ती खरीही ठरते. पण तिचा अपवाद आपल्या मुंबईतच सापडला, हे किती मुलांना ठाऊक असते? १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे रक्त शोधले, की जे नेहमीच्या तपासणीत ‘ओ’ दिसते, पण ‘ओ’ नसते. ‘ए’ आणि ‘बी’ हे ज्या पायावर उभे राहतात तो पायाच या माणसांच्या रक्तात नसतो. म्हणून जनुक ‘ए’चे असले तरी ते दिसून येत नाही. अशा माणसाचे मूल दुसऱ्या पालकाकडून पाया मिळवते आणि ‘ए’ गटाचे निघू शकते. जगभर त्याला ‘बॉम्बे’ रक्तगट असेच नाव आहे. तो दुर्मिळ आहे. पण दुर्मिळ म्हणजे अशक्य नव्हे, आणि ज्या घरावर संशयाची कुऱ्हाड पडते त्या घराला दुर्मिळतेचा काय उपयोग? धड्यात त्या तक्त्याखाली एकच ओळ हवी: या तक्त्यावरून कोणाच्या आईबापांचा निवाडा करू नये.

निवाड्याचे ओझे आपल्याकडे बहुतेक बाईच्याच डोक्यावर येते. ग्रहणात तिने विळी हातात धरली म्हणून मुलाचा ओठ फाटला. आणि मुली झाल्या त्या तर तिच्या कुशीमुळेच. लिंगनिश्चितीचा धडा या दुसऱ्या आरोपातून तिला सोडवावा म्हणूनच शिकवला जातो, आणि ते योग्यच आहे: स्त्रीबीज नेहमी एक्सच देते, पुरुषबीज एक्स किंवा वाय. पण आम्ही तिथे थांबतो, आणि मुले शिकून जातात ते एवढेच की ‘दोष बापाचा’. आरोपी बदलला, खटला तसाच राहिला! बापही काही निवडत नाही, आणि मुलगी होणे हा दोषच नाही, ही दोन वाक्ये उच्चारल्याखेरीज तो धडा पुरा होत नाही. तीन मुली झाल्या, आता चौथा मुलगाच, हा हिशेबही त्याच फसव्या चौकटीचा. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा महाराष्ट्राने देशात सर्वांत आधी, १९८८ साली केला. केंद्राचा १९९४ साली आला. तरी २००१च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ९१३ मुली होत्या, आणि २०११ साली त्या ८९४ उरल्या. कायदा दारावर पहारा देतो. मनातला खटला वर्गातच निकाली काढावा लागतो.

शेवटी सर्वांत खोल रुतलेला गैरसमज: जनुक म्हणजे ललाटरेषा. पूर्वी सटवाई पाचव्या-सहाव्या रात्री येऊन लिहून जाई. आता आपण तिच्या हाती सूक्ष्मदर्शक दिला आहे. ‘हुशारीचे जनुक’, ‘रागाचे जनुक’ अशा बातम्या आपण चवीने वाचतो. यात आमच्या धंद्यातील मंडळींचाही वाटा आहे. लहानपणी हरवलेला मुलगा वीस वर्षांनी समोर येतो आणि रक्ताची ओढ लागून आईचा पान्हा दाटतो, हा प्रसंग कादंबऱ्यांनी आणि चित्रपटांनी इतका झिजवला आहे, की जनुके रक्तात राहतात असे मुले खुशाल उत्तरपत्रिकेत लिहितात. गंमत अशी, की ज्या तांबड्या पेशींमुळे रक्त तांबडे, त्या पक्व झाल्या की त्यांत केंद्रकच उरत नाही, गुणसूत्रे नाहीत! रक्ताखेरीज कातडी, काळीज, केसांची मुळे, सगळीकडे ती आहेत. आणि रक्ताने जर काही शिकवले असते तर कान टोचण्याची चाल केव्हाच संपली असती; शेकडो पिढ्या आपण पोरींचे कान टोचत आलो, तरी प्रत्येक मुलगी कोऱ्या कानांनीच जन्मते.

हा गैरसमज विनोदावर सोडून देता येत नाही, कारण तो वर्गातल्या बाकांवर बसलेला असतो. ‘अमक्यांच्या रक्तातच गणित नाही’, ‘तमक्यांच्या पोरांकडून काय अपेक्षा करणार’, ही वाक्ये मी शिक्षकांच्या खोलीत ऐकली आहेत, आणि ती उच्चारणाऱ्याला वाटते की विज्ञान आपल्या पाठीशी आहे. नाही. एक उदाहरण पाहा. फिनाइलकीटोन्यूरिया या नावाचा एक आजार पुरतेपणी आनुवंशिक आहे. १९३४ साली नॉर्वेच्या डॉ. फोलिंग यांनी तो ओळखला. अन्नातला एक घटक या मुलांना पचवता येत नाही, तो साठून मेंदूची वाढ खुंटते. पण जन्मतःच टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन तो ओळखला आणि आहार बदलला, तर तेच मूल चारचौघांसारखे वाढते. जनुक तेच, ताट बदलले. जो दोष उघडउघड जनुकात लिहिलेला आहे तोदेखील जर ताटावर अवलंबून असेल, तर ज्या पोराला ताटही नाही, पुस्तकही नाही, त्याच्या अपयशाचे खापर त्याच्या रक्तावर फोडण्याचा आपल्याला काय हक्क?

एवढे सांगून झाल्यावर विज्ञानाच्या शिक्षकांची बाजू न मांडणे अन्यायाचे होईल. साठ-साठ मुलांचा वर्ग, मोजके तास, आणि परीक्षेत येणारी तीच चौकट. अशा स्थितीत ते जे करतात ते कष्टानेच करतात. पाठ्यपुस्तकही मूर्खांनी लिहिलेले नसते. चूक आहे ती क्रमाची. आपण नियम आधी सांगतो आणि त्याची मर्यादा पुढच्या इयत्तांवर सोडतो. आणि बहुतेक मुले त्या इयत्तांच्या वर्गात कधी पोचतच नाहीत. मग मर्यादाच आधी का सांगू नये? सुरुवात करावी ती वर्गातल्या उंचींनी, रंगांनी, आवाजांनी. बहुतेक लक्षणे अनेक जनुके आणि भोवतीची परिस्थिती मिळून घडवतात हे दाखवावे. आणि मग म्हणावे, या गर्दीत काही थोडी लक्षणे एकेकट्या जनुकाची असतात, ती एका शिक्षकाने वाटाण्यात कशी ओळखली ते पाहू. प्रत्येक मुलाच्या हाती दोन नाणी द्यावीत, चार-चारदा उडवू द्यावीत, आणि साठ घरांचा हिशेब फळ्यावर मांडावा. कोणाच्या घरी एकही नाही, कोणाच्या घरी तीन. पण सगळ्यांची बेरीज केली की चौथ्या हिश्श्याच्या आसपास. एका तासात त्यांना मेंडेलही भेटेल आणि त्याचे ते ४३ आणि २ बियांचे झाडही. जिभा आणि कान यांना सुटी द्यावी, आणि परीक्षेत एक तरी प्रश्न असा विचारावा: पहिले मूल आजारी आहे, दुसऱ्याबद्दल काय सांगाल?

या प्रश्नाचे बरोबर उत्तर ज्या मुलाला देता येते त्याला आनुवंशिकता आली, असे मी समजेन. मग ‘प्रभावी’ची व्याख्या त्याला तोंडपाठ नसली तरी चालेल. आणि वाचकहो, फराळाच्या ताटाभोवती तान्ह्याचे नाक-डोळे खुशाल वाटून घ्या. तो आनंद कोणत्याही शास्त्राने हिरावून घेऊ नये. फक्त त्या वाटणीत दोष कोणाच्या पदरात टाकू नका. खाण तशी माती असते हे खरे; पण एका खाणीत किती तऱ्हांची माती असते, आणि एकाच मातीतून कुंभार कोणकोणती भांडी घडवू शकतो, हे शाळेने अजून सांगावयाचे आहे.